दवाखान्यातला दरारा



रात्री दोन वाजता वॉर्डातल्या सिस्टरला केसपेपरवरचा डोस खटकतो. फोन करावा, तर मोठे डॉक्टर मागच्या खेपेला खेकसले होते. मग ती शेजारच्या सिस्टरला विचारते, अंदाज बांधते आणि इंजेक्शन भरते. तिचा अपमान टळतो, पण जिवावरचा धोका आता पेशंटच्या वाट्याला आलेला असतो.

अमेरिकेत २००३ साली परिचारिका आणि औषधनिर्मात्यांची पाहणी झाली. जवळजवळ निम्म्यांनी कबूल केलं, की पूर्वी झालेल्या दमदाटीमुळे औषधाबद्दल शंका आली तरी ती विचारण्याची त्यांची रीतच बदलली.

आरडाओरडाच व्हावा लागतो असंही नाही. इस्रायलमधला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातले डॉक्टर-नर्सेस, त्यांचे २४ गट. पुतळ्याला आजारी बाळ मानून उपचार करायचे. काही गटांना परदेशी तज्ज्ञानं तिथल्या वैद्यकीय कामाबद्दल दोन हिणवणारी वाक्यं ऐकवली, एवढंच. त्या गटांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. एकमेकांना माहिती देणं, मदत मागणं कमी झालं होतं. शिकलेली, सरावलेली माणसं होती ही!

आपल्याकडे ‘बोलणी खाल्ल्याशिवाय डॉक्टर घडत नाही’ असं अभिमानानं सांगतात. मला ते मुळीच मान्य नाही. बोलणी खाऊन माणूस चूक लपवायला शिकतो.

उपाय आहेत. फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची आणि परत वाचून दाखवायची, म्हणजे विचारणं हा कामाचाच भाग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादीनुसार चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा नाव उच्चारलेला माणूस पुढे ‘सर, थांबा’ म्हणायला कमी कचरतो. राऊंडच्या सुरुवातीला खुद्द प्रमुखांनी ‘माझं चुकलं तर लगेच सांगा’ म्हणावं. आणि कुणी सांगितलंच, तर सर्वांसमोर त्याचे आभार मानावेत.

शिस्तीचे नियम मात्र सर्वांना सारखे हवेत, सर्वाधिक पेशंट आणणाऱ्या सर्जनलाही. तक्रार ऐकणारी व्यक्ती त्या विभागाबाहेरची हवी. ज्यांच्या हातात रजा, ड्युटी आणि परीक्षेचा निकाल आहे, त्यांच्यासमोर निवासी डॉक्टर तोंड उघडणार नाही.