पळणारी जहाजे, पकडणारी जहाजे



अमेरिकेतल्या यादवी युद्धावर आम्ही बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, काम आटोपल्यावर. पण या युद्धाने मुंबईलाही हलवले होते. १८६१ च्या एप्रिलात लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरचा कामगार उपाशी राहिला आणि मुंबईच्या कापूसवाल्यांच्या घरी पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपले, पूर ओसरला.

साडेतीन हजार मैलांचा किनारा अडवायचा, आणि युद्धाच्या आरंभी आरमारात शंभर जहाजेही नव्हती! नाकेबंदी फोडणारे व्यापारी मात्र हुशार. चपळ आगबोटी घ्यायच्या, त्यांना करडा रंग द्यायचा, कमी धुराचा कोळसा जाळायचा आणि अंधाऱ्या रात्री विल्मिंग्टन गाठायचे. आत हत्यारे, बाहेर कापूस.

अशीच एक ‘डग्लस’. १८५८ साली बांधलेली ही बोट लिव्हरपूलहून मॅन बेटावर उतारू नेत असे. नाकेबंदी फोडण्याच्या धंद्यात ती ‘मार्गारेट अँड जेसी’ झाली. १८६३ च्या नोव्हेंबरात ती पकडली गेली, बक्षीस-न्यायालयाने जप्त केली आणि आरमाराने विकत घेऊन तोफा चढवल्या. नाव ठेवले ‘गेटिसबर्ग’. पळणारीला गाठायला पळणारीच हवी! १८६४ च्या ऑगस्टमध्ये ‘लिलियन’ पकडण्यात तिचा हात होता. आणि ती ‘लिलियन’ही पुढे आरमारातच दाखल झाली.

आता हिशेब पाहा, आमची खोडच ती. जप्तीच्या पैशातला सरकारी वाटा आरमारी लोकांच्या पेन्शन-फंडात जाई. ही तरतूद आम्हाला फार आवडली. उरलेला पकडणाऱ्यांना, पण पगाराच्या प्रमाणात. म्हणजे भट्टीपुढच्या कोळसेवाल्याला चिमूटभर. ताफ्याच्या सेनापतीला मात्र प्रत्येक बोटीमागे विसावा हिस्सा, तो स्वतः पाठलागात असो वा नसो. सॅम्युअल फिलिप्स ली या ॲडमिरलने असे लाखावर डॉलर मिळवले.

जानेवारी १८६५ मध्ये विल्मिंग्टनचे तोंड राखणाऱ्या फोर्ट फिशरवर हल्ला झाला. ‘गेटिसबर्ग’चे खलाशी किनाऱ्यावर उतरून तटावर चालून गेले. तटाखालीच त्यांची फळी फुटली. बोटीचा कप्तान लॅमसन जखमी झाला. इतरांबरोबर त्याने ती रात्र शत्रूच्या तोफांखाली खंदकात काढली. मात्र त्यांच्यावर शत्रूचे लक्ष गुंतले असताना लष्कर दुसऱ्या बाजूने आत शिरले आणि किल्ला पडला.