कोलंबीचे कालवण



आज आम्ही कोलंबीच्या कालवणाविषयी बोलणार आहोत. तुम्ही हसाल. म्हणाल, गुरुजींना चुलीजवळचे काय कळते? खरे आहे. साठ वर्षे आम्हांला काही कळत नव्हते.

मग आमच्या मंडळी आजारी पडल्या. चालताना थकायच्या. चक्कर यायची. डॉक्टरांनी विचारले, "बाई जेवतात काय?"

आम्ही म्हणालो, "आम्ही जेवतो तेच. भात आणि मासळी."

तेव्हा त्या हळूच बोलल्या, "मासळी तुम्हांला आणि पोरांना. मला रस पुरतो."

आमची मान खाली गेली. शाळेत आम्ही रोज हजेरी घेतली. एक मूल आले नाही, तर लगेच कळे. पण घरच्या बाईच्या ताटात काय नाही, ते कधी पाहिले नाही.

कोलंबीत अंग पोसणारे सत्त्व असते. त्याला प्रथिने म्हणतात. १०० ग्रॅम सोललेल्या कोलंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. चरबी फार थोडी. हे सत्त्व बहुतेक कोलंबीतच राहते, रसात फारसे उतरत नाही. नुसता रस खाणाराला ते मिळणार कसे?

त्या दिवसापासून रात्रीचे कालवण आम्ही शिकलो. मंडळी खाटेवरून सांगायच्या, आम्ही करायचे. सोपे आहे. ऐका.

कोलंबी ताजी घ्यावी. कवच चकचकीत हवे. डोके घट्ट हवे. उग्र वास आला, हाताला बुळबुळीत लागली, तर घेऊ नये. स्वस्त मिळाली तरी नको.

चार माणसांना अर्धा किलो कोलंबी घ्यावी. डोके आणि कवच काढावे. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढावा. स्वच्छ धुवावी. हळद आणि मीठ लावून ठेवावी. एकीकडे भात चढवावा.

पातेल्यात दोन चमचे तेल घालावे. ठेचलेला लसूण आणि एक कांदा परतावा. तिखट घालावे. शेवग्याच्या दोन शेंगांचे तुकडे आणि दोन पेले पाणी घालावे. शेंगा दहा मिनिटे शिजू द्याव्या. मग मूठभर वाटलेले ओले खोबरे, तीन आमसुले आणि कोलंबी घालावी. मीठ बघावे.

आता घड्याळ पाहा. कोलंबीला चार-पाच मिनिटे पुरे. ती गुलाबी झाली, वळली, आतून पांढरी दिसली, की खाली उतरवा. जास्त शिजली तर वातड होते. आम्ही पहिल्या दिवशी वीस मिनिटे उकळली. पोरे चावून चावून दमली!

एक सावधगिरी सांगतो. कोणाकोणाला कोलंबी बाधते. अंगाला खाज येते, ओठ सुजतात. अशा माणसाला ती देऊ नये. श्वास लागला, तर तडक दवाखान्यात न्यावे.

कालवण झाले. आता वाढायचे. इथेच खरी परीक्षा आहे. तुम्हांला आता अंक येतात. मग कोलंबी मोजा. घरात माणसे चार, तर वाटे चार. राबणाऱ्या बाईचा वाटा आधी काढा. सर्वांनी एकत्र बसा आणि गरम गरम जेवा.

आमच्या मंडळी आता बऱ्या आहेत. अजून म्हणतात, "मला रस पुरतो." आम्ही ऐकत नाही. मोजून वाढतो.