जीर्णोद्धार : काय राखावे, काय बदलावे

(जीर्णोद्धाराच्या शुभारंभी मंदिराच्या पटांगणात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देऊळ जुने झाले की गावात दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "वाडवडिलांनी बांधले तसेच राहू द्या, एका दगडालाही हात लावू नका." तरुण मंडळी म्हणतात, "पाडून टाका, वर स्लॅब घाला, खाली संगमरवर बसवा. शेजारच्या गावाने केले, मग आपण का मागे राहायचे?" दोघांच्याही मनात भक्तीच आहे आणि दोघांचेही म्हणणे निम्मे खरे आहे. नेमके कोणते निम्मे, याचा विचार पहार हातात घेण्यापूर्वी व्हावा. पाडलेली भिंत वर्गणीतून पुन्हा उभी राहते, पण ती पणजोबांची भिंत नसते.

आधी शब्द पाहावा. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. जीर्णाचा नाश नव्हे. घरातली आई थकली तर मुले तिला औषध आणतात, चष्मा करून देतात, हाताला काठी देतात. आई म्हातारी झाली म्हणून कोणी दुसरी आणत नाही. देवळाचेही तसेच आहे.

तथापि, जुन्याला हातच लावू नये असेही पूर्वजांनी कधी मानले नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसले यांनी केला आणि पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने ते मंदिर पुन्हा उभारले. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधले. त्या माउलीने नुसती देवळे बांधली नाहीत. यात्रेकरूंसाठी घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रे घातली. देवाच्या शिखराइतकीच भक्ताच्या तहानेचीही काळजी घेणे, ही या मातीतली जीर्णोद्धाराची रीत आहे.

मग चूक कोठे होते? उदाहरण पंढरपूरचेच घ्यावे. काळाच्या ओघात विठ्ठलमंदिरात जुन्या दगडावर फरश्या बसल्या, रंग चढले. ज्यांनी हे केले त्यांनी भक्तीनेच केले. पण त्याखाली मूळ देऊळ झाकले गेले. अखेर २०२४ साली मार्च महिन्याच्या मध्यापासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवून पुरातत्त्व विभागाच्या मार्गदर्शनाखाली काम हाती घेण्यात आले. ही वरची भर काढून आतला दगड मोकळा करण्यात आला आणि २ जून २०२४ पासून पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झाले. एकदा बसवायला खर्च आणि पुन्हा काढायला खर्च! एवढ्या मोठ्या देवस्थानाला जो धडा घ्यावा लागला, तो लहान गावाने फुकट घ्यावा, यात शहाणपण आहे.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. जुने गवंडी चुना भाजून, विझवून, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळून घेत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती. असा चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेत घेत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. पण भिंतीतली ओल तो बाहेर जाऊ देतो. सिमेंट कडक खरे, पण ओल कोंडून धरते. जुन्या दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले की पाणी सांध्यातून निघत नाही, ते दगडातून वाट काढते आणि दगडाच्या कडा फुटू लागतात. ऑइलपेंटचेही तेच. पहिल्या दिवाळीला देऊळ झगमगते, चार पावसाळ्यांनी पोपडे निघतात, आणि पोपड्याबरोबर नक्षीचा पापुद्राही जातो. म्हणून नव्या इमारतीला सिमेंट खुशाल वापरावे; जुन्या दगडाला चुनाच मानवतो.

लाकडाचेही असेच आहे. सभामंडपाचा सागवानी खांब बहुधा बुडाशी कुजतो, वरचा भाग ठणठणीत असतो. जाणता सुतार कुजलेला भाग कापून खालून नवा जोड देतो. एका हाताच्या लाकडासाठी अख्खा मंडप उतरवणे म्हणजे नख दुखले म्हणून हात तोडण्यासारखे आहे. शिखरावर पिंपळ उगवला तर नुसती फांदी छाटून भागत नाही, मूळ मारावे लागते. अभिषेकाचे पाणी जाणारे गोमुख तुंबले तर ते पाणी पायात मुरते. गळती, तुंबारा आणि मुळे, हे देवळाचे खरे तीन वैरी आहेत.

आता तरुणांचे निम्मे. गुडघे दुखणाऱ्या आजीला उंच पायऱ्या चढवत नाहीत. तेथे धरायला कठडा आणि बाजूने उतार हवा. यात्रेला आलेल्या लेकीबाळींसाठी आडोसा, पाणी आणि स्वच्छतागृह हवे. ते देवळाच्या भिंतीला चिकटून नको, आवाराच्या कडेला हवे. विजेचे दिवे हवेत, पण तारांसाठी कोरीव दगडात खिळे ठोकू नयेत. मूर्तीची झीज होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी अभिषेक उत्सवमूर्तीवर करतात. बटण दाबताच नगारा आणि घंटा वाजवणारे यंत्र आणायचे तर आणावे. मात्र आरतीला घंटा धरण्यासाठी धावणारी पोरे मग देवळात कशासाठी येतील, हेही विचारात घ्यावे.

बंधुभगिनींनो, सर्वांत मोठा बदल मात्र ना चुन्याने होतो ना सिमेंटने. त्याच पंढरपुरात १ मे १९४७ रोजी साने गुरुजी उपोषणास बसले. विठ्ठलाचे दार हरिजन बांधवांना बंद होते. ते उघडावे, एवढेच त्यांचे मागणे होते. परंपरा मोडेल, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. अखेर उपोषण सुटले आणि दार सर्वांना खुले झाले. देवळाचा एक दगडही न हलवता झालेला तो जीर्णोद्धार होता. दगड जुना राहिला, नजर नवी झाली. म्हणून गावोगावच्या मंडळींनी एवढे तपासावे : नव्या मंडपात गावातला प्रत्येक माणूस पुढच्या रांगेत बसू शकतो का? पालखीला प्रत्येक वस्तीतला खांदा लागतो का? लागत नसेल तर सोन्याचा कळस चढवूनही देऊळ जीर्णच राहील.

शेवटी देणगीदारांच्या चरणी एक विनंती. संगमरवराच्या पाटीवर नाव कोरले जाते, ते येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसते. ज्याच्या पैशातून गळती बंद झाली, गोमुख मोकळे झाले, खांबाला जोड मिळाला, त्याचे नाव दगडावर दिसत नाही. पण पुढच्या शंभर पावसाळ्यांत देऊळ कोरडे राहील, ते त्याच्यामुळे. असे न दिसणारे दान द्यायला मोठे मन लागते. समितीनेही एक करावे : कामाआधी प्रत्येक भिंतीची, खांबाची छायाचित्रे काढून ठेवावीत, जाणकारांचा सल्ला घ्यावा, आणि अशा दात्यांची नावे स्मरणिकेत पहिल्या पानावर छापावीत.

ज्यांनी हे देऊळ बांधले त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांचे काम मात्र उभे आहे. नातवंडांच्या हाती ते ओळखू येईल असे सोपवावे, एवढेच या पिढीचे कर्तव्य. ते पार पाडण्याची बुद्धी आणि बळ ग्रामदैवत सर्वांस देवो.

इत्यलम्.