चाव्या कोणाकडे आहेत?

(मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटाच्या वेबसाइट कार्यशाळेत, सुरुवातीला केलेलं भाषण)



दुपारी आपण सगळे एकेक वेबसाइट उभी करणार आहोत, त्यामुळे कुठलं बटण कुठे आहे ते आत्ता सांगत बसत नाही. तेवढं तासाभरात येतं. ज्यांना संगणक कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा हाताळायला मिळाला, त्यांनाही येतं. मी बोलणार आहे ते बटण दाबायच्या आधीचं.

मी पोटासाठी वेबसाइट बनवतो. दुकानांच्या, क्लासेसच्या, दवाखान्यांच्या. आणि रविवारी आपल्या संघटनांच्या, वाचनालयांच्या, छोट्या मासिकांच्या. जुनी साइट दुरुस्तीला कोणीही आणली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डोमेन कोणाच्या नावावर आहे? दुकानदार चटकन सांगतो, त्याचा गल्ला त्यावर चालतो. आपले कार्यकर्ते मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग कोणीतरी म्हणतं, "एक मुलगा होता, त्यानंच करून दिलं होतं सगळं."

असंच एक मासिक होतं. नाव सांगत नाही. नऊ वर्षांचं लिखाण त्या साइटवर होतं. गावोगावच्या अत्याचारांच्या बातम्या, वस्तीतल्या बायकांनी सांगितलेल्या आठवणी, शाहिरांच्या मुलाखती. डोमेन त्या मुलाच्या नावावर, होस्टिंग त्याच्याच खात्यात आणि मुदत संपत आल्याची सूचना त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर जायची. कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला. त्या मुलाला मी बोल लावणार नाही, त्याने फुकटात रात्री जागवल्या होत्या. पण एक दिवस साइट उघडली तर त्या पत्त्यावर ऑनलाइन जुगाराची जाहिरात. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून आम्ही जमतील तेवढी पानं गोळा केली. फोटो बहुतेक मिळाले नाहीत. मुलाखती दिलेल्या शाहिरांपैकी दोघं तोवर गेले होते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी जमिनीचा तुकडा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या राबायचं आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच, म्हणजे काय, हे आपल्याएवढं कोणाला कळतं? डोमेनची नोंद हा वेबसाइटचा सातबारा आहे. खरं तर त्याहून कच्चा, कारण डोमेन कायमचं विकत मिळतच नाही. मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. लेख कोणी लिहिले, पैसे कोणी भरले, हे ती नोंद विचारत नाही. नोंदीत नाव कोणाचं आणि ईमेल कोणता, एवढंच ती बघते. म्हणून डोमेन संघटनेच्या नावावर घ्या आणि ईमेल असा द्या की जो निदान दोन माणसांना उघडता येतो.

ही पहिली चावी. दुसरी होस्टिंगची, म्हणजे तुमच्या फायली जिथे ठेवल्या आहेत त्या भाड्याच्या जागेची. तिच्याबद्दल एकच सांगतो: पहिल्या वर्षाचा दर बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. तिसरी चावी डेटाबेसच्या प्रतीची, आणि ती असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. वर्डप्रेसमध्ये तुमचा लेख कुठल्या फोल्डरात फाइल म्हणून पडलेला नसतो. मजकूर, शीर्षक, तारीख, लेखकाचं नाव हे सगळं मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीच्या तक्त्यांमध्ये असतं. फोटो आणि पीडीएफ मात्र 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरात. म्हणजे फक्त फोल्डर उतरवून "बॅकअप घेतला" म्हणणाऱ्याकडे चित्रं असतात, लेख नसतात. फक्त डेटाबेस घेणाऱ्याकडे लेख असतात आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन. वर्डप्रेसमधलं 'एक्सपोर्ट' तर आणखी फसवं. त्या फायलीत लेख येतात, पण फोटोंचे फक्त पत्ते येतात. जुनी साइट बंद पडली की त्या पत्त्यावर कोणी राहत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? फेसबुकवर पेज काढा, फुकट आहे, वाचकही तिथेच आहेत. काढा की. माझंही आहे. पण ते चव्हाट्यावरचं भाषण समजा, घर समजू नका. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. बंदी बरोबर की चूक हा विषय वेगळा; पण वस्तीतल्या, तांड्यावरच्या ज्या पोरापोरींनी तिथे आपलं प्रेक्षकवर्तुळ जमवलं होतं, त्यांचं ते वर्तुळ मोडलं. कोडही त्यांचा, सर्व्हरही त्यांचा, नियमही त्यांचे. आपण फक्त मजकूर पुरवणारे.

ओपन सोर्समध्ये निदान कोड तुमच्या हातात येतो. वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं, पण शून्यातून नाही. बीटू नावाची एक प्रणाली होती, तिचं काम थंडावलं होतं. परवाना जीपीएल होता, म्हणून तो कोड उचलून पुढे नेता आला, कोणाचे पाय धरावे लागले नाहीत. जूमला २००५ मध्ये मॅम्बोतून असंच फुटून निघालं, कारण कारभारावरून प्रोग्रामर मंडळींचं कंपनीशी पटेना. ते भांडले आणि कोड घेऊन बाहेर पडले. मला हे फार आवडतं. कोड वापरायचा, वाचायचा, बदलायचा आणि दुसऱ्याला द्यायचा अधिकार जीपीएल लिहून देतं. विद्या कोणी ऐकावी आणि कोणाच्या कानावरही पडू नये, याचे नियम केलेल्या समाजातून आपण आलो, त्यामुळे हा परवाना मी जरा जास्तच आदराने वाचतो.

पण म्हणून ओपन सोर्स म्हणजे समता, असं मी म्हणणार नाही. कोड उघडा असतो. तो वाचायला लागणारं इंग्रजी, लॅपटॉप, मोकळा वेळ आणि अडल्यावर विचारायला ओळखीचं माणूस, हे काही जीपीएलखाली वाटलं जात नाही. ते आपल्याला आपसात वाटून घ्यावं लागतं. आजची कार्यशाळा त्यासाठीच आहे.

साधन आपल्या ताब्यात असावं हा विचार काही आपण संगणकाबरोबर शिकलो नाही. मुकुंदराव पाटलांनी तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवला, अनेक दशकं. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला. बाबासाहेब नुसते लिहून थांबले नाहीत, भारत भूषण प्रिंटिंग प्रेस हा छापखानाही उभा केला. आणि ताबा सुटला की काय होतं तेही आपण पाहिलंय. महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखितं वर्षानुवर्षं सरकारी ताब्यातल्या पेट्यांमध्ये पडून होती. वसंत मून यांनी खस्ता खाल्ल्या, तेव्हा 'लेखन आणि भाषणे'चा पहिला इंग्रजी खंड १९७९ मध्ये आला. मधे २३ वर्षं गेली. आज आपल्या एखाद्या वाचनालयाची साइट बुडाली तर तिच्यासाठी कोण मून धावणार आहेत?

आता थोडं मराठीचं. आपल्या जुन्या अंकांचा मजकूर बहुतेक श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बसवलेला असतो. तो तसाच चिकटवला तर पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, म्हणून बदललेला मजकूर कोणीतरी डोळ्यांखालून घालायलाच हवा. पानांचे फोटो काढून टाकले की काम झालं, असं समजू नका. चित्रातला शब्द कोणाला शोधून सापडत नाही. होस्टिंग बदलताना डेटाबेसची अक्षरपद्धती 'यूटीएफ-८ एमबी-४' आहे ना ते पाहा, नाहीतर सगळा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसतो. आणि लेखाचा पत्ता रोमन लिपीत, आखूड ठेवा. देवनागरीतलं एकेक चिन्ह पत्त्यात टक्केवारीच्या खुणा घालून ९ अक्षरांत लिहिलं जातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. वर्डप्रेसची मर्यादा २०० अक्षरांची. म्हणजे २२ चिन्हांत मर्यादा संपते, शीर्षक मधेच तुटतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जी लांबलचक शेपटी दिसते तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. पडद्यामागचं काम मात्र मराठीत करता येतं. सेटिंगमध्ये भाषा बदलली की पाटी मराठी होते. इंग्रजीला बिचकणाऱ्या कार्यकर्त्याला आधी तेवढं करून द्या.

पुढचा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, आणि तो वेबसाइट शिकवणाऱ्या व्हिडिओंत नसतो. आपल्याकडे पुष्कळ जण टोपणनावाने लिहितात. कोणी सरकारी नोकरीत आहे, कोणाचे आईवडील अजून त्याच गावात राहतात, कोणाचा गाइड कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही खातं त्यांच्या खऱ्या नावाने उघडता आणि लेखावर दिसणारं नाव टोपणनाव ठेवता. वाटतं, झालं. पण त्या टोपणनावावर टिचकी मारली की लेखकाच्या पानाचा पत्ता उघडतो आणि त्या पत्त्यात खातं उघडताना दिलेलं नाव असतं. रोमन लिपीत, आडनावासकट. म्हणून अशा लेखकाचं खातं पहिल्या दिवसापासून टोपणनावानेच उघडा. प्रवेशाचं नाव नंतर त्या पाटीवरून बदलता येत नाही. फोटोंचंही तसंच. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश जातात आणि मूळ फाइल सर्व्हरवर तशीच राहते. अत्याचारग्रस्त कुटुंब गाव सोडून जिथे आसऱ्याला गेलंय, तिथला फोटो तुम्ही चांगल्या हेतूने टाकता आणि पत्ता वाटून मोकळे होता. फोटो चढवण्याआधी ही माहिती पुसा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं तर कायद्यानेच गुन्हा आहे, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे.

फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या थीम वापरू नका. महागडी थीम कोणी 'मोफत' वाटतो तेव्हा तिच्यात स्वतःसाठी मागचं दार ठेवलेलं असण्याची शक्यता फार. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात हजारो थीम खरोखर मोफत आहेत, दिसायला साध्या असतील. असू देत. अद्ययावतीकरणाची सूचना आली की महिनाभर पडू देऊ नका, आणि प्लगइन जेवढे कमी तेवढी झोप चांगली. सगळ्यांना 'प्रशासक' करून ठेवायची आपल्याकडे एक लोकशाहीवादी खोड आहे. तिथे समता नको. नव्या लेखकाला 'योगदानकर्ता' एवढाच हक्क द्या. तो लिहील, प्रसिद्ध संपादक करील. प्रशासक दोन असावेत. एक पुरत नाही, आणि पाच झाले की जबाबदारी कोणाचीच नसते.

आणि ते काम करणाऱ्या मुलाला, मुलीला पैसे द्या. आपल्या संघटना मंडपवाल्याचं बिल चुकवत नाहीत, पण वेबसाइटवाल्याला "समाजाचं काम आहे" म्हणतात. त्याच्या घरीही भाडं असतं. तुमच्यातले काही जण उद्या हेच काम धंदा म्हणून कराल. तेव्हा गिऱ्हाइकाला तिन्ही चाव्या कागदावर लिहून, सही घेऊन द्या. चावी स्वतःकडे अडकवून गिऱ्हाईक टिकवणारे खूप आहेत, आणि ती विद्या कोणाकडून आली आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुपारी झॅम्प टाकून लॅपटॉपवरच साइट बनवायची आहे, त्यामुळे नेट गेलं तरी अडणार नाही. साइट तयार झाली की ती मी तुम्हाला पुसून टाकायला लावणार आहे, आणि घेतलेल्या बॅकअपवरून परत उभी करायला. परत उभी राहिली नाही तर तो बॅकअप नव्हता, नुसती एक फाइल होती. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी जोडीने बसा, आणि जोडीत ज्याला कमी येतं त्याच्या हातात माऊस द्या. दुसऱ्याने फक्त तोंडाने सांगायचं. चला, जेवण आलंय.