एक आवृत्ती, एक शुद्धिपत्र
(नभोवाणीवरील भाषण)

दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच, भिंतीवर अहोरात्र दिवे मिचकावणारी वाय-फायची पेटी, मोटारीतील नकाशाचा पडदा, यांपैकी एकालाही कोणी संगणक म्हणत नाही. परंतु त्या प्रत्येकाच्या पोटात एक लहानसा संगणक बसविलेला असतो आणि त्याचा कारभार पाहणारी एक कार्यप्रणालीही असते. या प्रणालीच्या मध्यवर्ती भागास कर्नेल म्हणतात. मराठीत त्याला गाभा म्हणणे सोयीचे. स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावी, कोणते काम आधी उरकावे, पडद्याशी आणि तारांशी व्यवहार कसा करावा, हे सारे गाभा ठरवितो.

अशा उपकरणांत फार मोठ्या प्रमाणावर आढळणारा गाभा म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो जगापुढे खुला मांडला. पुढे हजारो हात त्याला लागले. आज साधारणतः दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. ज्ञानाच्या दृष्टीने ही समृद्धीच होय. परंतु उपकरणे बनविणाऱ्या कारखानदाराला तीच अडचण होऊन बसली.

एखाद्या वर्गात प्रत्येक मुलाच्या हाती क्रमिक पुस्तकाची निराळी आवृत्ती असावी, तसा हा प्रकार होता. एकाचे पान दुसऱ्याशी जुळत नाही. एक चूक सापडली तरी प्रत्येकासाठी वेगळे शुद्धिपत्र काढावे लागते. चिप बनविणाऱ्याने जी आवृत्ती दिली ती कारखानदाराने घ्यावी, तीत आपल्या पदरचे बदल करावेत, आणि माल बाजारात जाताच तिच्याकडे पाठ फिरवावी, अशी रीत पडली. आवृत्ती महिन्यांत शिळी होते. संच मात्र घरात कित्येक वर्षे नांदतो.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे २०१६ च्या ऑक्टोबरात दिसून आले. ‘डर्टी काऊ’ या नावाने गाजलेला एक दोष तेव्हा उघडकीस आला. तो २००७ पासून गाभ्यात दडून होता. त्याच्या आधारे, केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फायलीत लिहिता येई आणि यंत्रावर साधा अधिकार असलेल्या माणसाला संपूर्ण सत्ता बळकावता येई. दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती. प्रश्न होता तो ती प्रत्येक जुन्या आवृत्तीत, प्रत्येक निराळ्या बदलाशी जुळवून, पोहोचविणार कोण हा.

सामाईक आवृत्तीची कल्पना या प्रश्नातूनच जन्मास आली होती. २०१० साली लहान उपकरणांसाठी २.६.३५ ही आवृत्ती पुढे करण्यात आली. २०११ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा, सॅमसंग, एलजी अशा कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ३.० व नंतर ३.४ या आवृत्तींवर मिळून काम केले. दुकानात एकमेकींचे गिऱ्हाईक पळविणाऱ्या या कंपन्या! परंतु जो भाग ग्राहकाच्या दृष्टीसही पडत नाही, त्यात स्पर्धा करून कोणाचाच लाभ नाही, हे त्यांनी ओळखले. २०१६ साली वीज, रेल्वे, कारखाने यांच्या यंत्रणांसाठी ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा प्रकल्प निघाला. त्याने प्रथम ४.४ ही आवृत्ती निवडली आणि तिच्या दीर्घकाळच्या, दहा वर्षे वा त्याहून अधिक, देखभालीचे ध्येय ठेवले.

अशी निवड करताना सर्वांत नवी आवृत्ती घेऊन भागत नाही. ती पुरेशी कसास लागलेली असावी, चालू चिपांना तीत आधार असावा, अनेक कारखान्यांच्या उत्पादनाचे वेळापत्रक तिच्याशी जुळावे आणि गाभ्याच्या मूळ कर्त्यांनीही ती दीर्घकाळ सांभाळण्याचे मान्य केलेले असावे. एक शिस्त विशेष महत्त्वाची आहे: दुरुस्ती प्रथम मूळ गाभ्यात व्हावी आणि तेथून जुन्या आवृत्तीत आणावी. ग्रंथ न सुधारता नुसती शुद्धिपत्रे वाटीत बसले, तर पुढील छपाईत तीच चूक पुन्हा येते.

तथापि ‘आवृत्ती निवडली’ म्हणजे काम संपले नव्हे. मूळ गाभा जसजसा बदलत जातो, तसतसे नवे ठिगळ जुन्या वस्त्राला लावणे अवघड होते. स्थिर आवृत्तींचा भार ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्यासारख्या मोजक्या माणसांच्या शिरावर असतो. २०१७ साली निवडक आवृत्ती सहा वर्षे सांभाळण्याचे ठरले. २०२३ साली ती मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. फार जुन्या आवृत्ती वापरणारे थोडे आणि त्या सांभाळणारे थकलेले, असे कारण सांगण्यात आले.

सामाईक विहिरीचे पाणी सारा गाव भरतो. गाळ उपसण्याच्या दिवशी मात्र दोघे-तिघेच हजर असतात. सामाईक आवृत्तीचेही तसेच आहे. तिचे बळ तिच्या क्रमांकात नसून, तिच्यासाठी वर्षानुवर्षे राबणाऱ्या हातांत आहे. म्हणून ग्राहकाने संच विकत घेताना किंमत आणि पडद्याची लांबीरुंदी विचारावीच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: याची शुद्धिपत्रे किती वर्षे मिळतील? हा प्रश्न दुकानोदुकानी विचारला जाऊ लागला, तर कारखानदारांनाही गाळ उपसण्यास माणसे धाडावी लागतील.