आतड्याची माया

(किनवट येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, 'यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांतील देवाचा गौरव आणि दया'. त्यातल्या 'आणि'शी माझं भांडण आहे. ह्या दोन गोष्टी नाहीतच. देवाचा गौरव म्हणजेच त्याची दया. आणि ती दया कशी असते हे मराठी माणसाला परक्या शब्दांत शिकवावं लागत नाही, ते त्याच्या घरातल्या बोलीत आहे. आज मला एवढंच सांगायचंय.

मिसरातून सुटका, दुभंगलेला समुद्र, दहा आज्ञा, सोन्याचं वासरू हे तुम्ही ऐकलेलं आहे, सिनेमातही पाहिलेलं आहे. तिथे थांबत नाही. वासरू पुजून लोकांनी घात केला, त्यानंतर त्यांचा पुढारी मोशे देवाजवळ हट्ट धरतो की तुझा गौरव मला दाखव. बायबलमधल्या 'निर्गम' पुस्तकाचा ३३वा अध्याय. अर्जुनानं असंच मागितलं तेव्हा विश्वरूप दिसलं. इथे देव मोशेला खडकाच्या कपारीत उभं करतो, त्याच्यावर हात धरतो आणि पाठमोरा निघून जातो. मग ३४व्या अध्यायात स्वतःचं नाव उच्चारतो. त्या नावात सूर्य नाहीत, ज्वाळा नाहीत. कनवाळू, चटकन न रागावणारा, क्षमा करणारा, असं ते नाव आहे. मागितला गौरव, मिळाली दया! अपराध्याला मोकळं सोडत नाही, हेही तिथेच लिहिलंय, मी लपवत नाही. पण मापं बघा. शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आणि प्रेम हजारोंपर्यंत.

आता शब्द. हिब्रूत गौरवाला 'कावोद' म्हणतात, जड या अर्थाच्या धातूवरून. आपला 'गौरव'सुद्धा 'गुरु'वरून आला, आणि गुरु म्हणजे जड. तालुक्यात त्यांचं वजन आहे, असं आपण म्हणतोच. (हशा) पहिल्या रांगेकडे बघून हसू नका.

आणि दयेला शब्द आहे 'रहमीम'. त्याला जवळचा शब्द 'रेहेम', म्हणजे गर्भाशय. १९५६ पर्यंत आपला हा तालुका हैदराबाद राज्यातल्या अदिलाबाद जिल्ह्यात होता. इथल्या आजोबांच्या तोंडी उर्दू होती. 'रहम करा' म्हणताना आपण ह्याच कुळातला अरबी शब्द बोलतो. अरबी आणि हिब्रू सख्ख्या बहिणी आहेत. देव दया करतो म्हणजे वरून भीक टाकत नाही, त्याच्या कुशीत कळ उठते. यशया संदेष्ट्याला देवाचं प्रेम सांगायचं होतं तेव्हा त्यानं अंगावर पाजणारी आई पुढे उभी केली.

ख्रिस्ती 'नवा करार' ग्रीकमध्ये आहे. त्यातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात वाया गेलेला मुलगा घरी येतो, बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. धावण्याआधी बापाचं काय झालं, त्याला ग्रीक क्रियापद आहे ते आतड्यांवरून बनलेलं. आपण काय म्हणतो? आतडं तुटलं. पोटात कालवलं. आतड्याची माया. म्हणून माझं ठाम मत आहे की इथे 'दया' हा शब्द तोकडा पडतो. 'माया' म्हणा.

(एका श्रोत्याचा आक्षेप.) गुरुजी म्हणतात, माया म्हणजे भ्रम. आणि मागून कुणीतरी म्हणालं, माया म्हणजे जमवलेला पैसा. (हशा) दोन्ही अर्थ मला ठाऊक आहेत, आणि 'माय' व 'माया' ह्यांची मुळं वेगळी आहेत हेही ठाऊक आहे. पण 'लेकराला माया लाव' म्हणणाऱ्या बाईला वेदान्तातला भ्रम अभिप्रेत नसतो. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढणारी माणसं कसल्या मायेसाठी चढतात? बंजारा तांड्यावरची 'याडी', म्हणजे आई, लेकराला कुशीत घेते तेव्हा काय देते? मी माझा शब्द सोडणार नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कोकणात बेने इस्राएल नावाचे मराठी यहुदी राहिले. घरात मराठी, आडनावं दिवेकर, किहीमकर, राजपूरकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते 'दारफळणीचा सण' म्हणायचे. दारं लावून घ्यायची, उपास करायचा, क्षमा मागायची. ह्या समाजातले सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, मराठी नाव सामाजी हसाजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. समाजात पिढ्यान्‌पिढ्या असं सांगतात की, कैद्यांना कोण म्हणून विचारलं तेव्हा उत्तर आलं, बेने इस्राएल. हे नाव टिपूच्या आईनं कुराणात ऐकलं होतं. तिनं मुलाजवळ शब्द टाकला, ह्यांना मारू नकोस. जीव वाचला. मुंबईला परतल्यावर दिवेकरांनी १७९६ साली सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, बांधलं. त्याचं नाव शाआर हारहमीम, दयेचं द्वार. हाच तो 'रहमीम'! आणि आख्यायिका बघा, रहम मागणारी एक आईच आहे, तीही दुसऱ्या धर्माची. (टाळ्या) बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत, त्यावरून त्या भागाला मशीद बंदर नाव पडलं असं सांगतात. त्या लोकांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, मराठीत कीर्तनं केली...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणतात. मी योहानाच्या शुभवर्तमानावर सविस्तर बोलणार होतो. तिथे येशूच्या गौरवाची घटका म्हणजे त्याच्या क्रूसावरच्या मरणाची घटका. ह्यावर एक वेगळी संध्याकाळ द्या. आज पंडिता रमाबाईंना सोडून मात्र जाता येणार नाही.

दुष्काळात उपासमारीनं आई-वडील गेलेली ही मुलगी. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातला, समाजानं टाकलेल्या बायकांचा आश्रम पाहिला. ह्या बायकांना इतकं जपायला तुम्हाला कोण शिकवतं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा तिथल्या भगिनीनं बायबलमधल्या विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या लोकांतल्या, बाईची गोष्ट सांगितली. येशू तिच्याशी बोलतो, तिला दूर लोटत नाही. शास्त्रं तोंडपाठ असलेल्या रमाबाईंना हे नवीन होतं. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. हा गौरव, हे वजन.

मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं. जड संस्कृत, तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द त्यांना नको होते, खेड्यातल्या बाईला कळावं एवढाच हेतू. माझी 'माया' त्यांनी बहुधा नापसंत केली असती. त्यांच्यापुढे मी नमतो, पण तांड्यावर जाऊन विचारा, असं त्यांनाही सांगितलं असतं. काम पुरं झालं आणि एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या. १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. त्याचे छपाईचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचेच होते.

वेळ संपली. पुढच्या वेळी नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला जाल, तेव्हा लोकलनं मशीद स्टेशनला उतरा आणि सॅम्युएल स्ट्रीटवरचं ते दयेचं द्वार बघून या.