परसातली शेड आणि कारखान्याची शिस्त

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



माझी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली आणि सुट्टीचे दिवस रंधा-करवतीत. म्हणून घरच्या दुरुस्तीवर दोन शब्द बोला, असे समितीने सांगताच मी होकार दिला.

2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या काळात नागपूर-भंडाऱ्याकडून जी माणसे इथे आली, त्यांत आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा होते. क्वार्टरच्या मागच्या अंगणात आधी सायकलीसाठी, मग स्कूटरसाठी शेड उभी राहिली. आज निवृत्त मित्र ती स्वतःच्या हातांनी नीट करतात, याचे मला कौतुक आहे. खटकते ते एवढेच, की प्लांटमध्ये परमिट आणि शटडाउन घेतल्याशिवाय नटाला हात न लावणारा माणूस घरी स्लीपर घालून डुगडुगत्या स्टुलावर चढतो. हेल्मेटबरोबर सावधपणाही लॉकरमध्येच राहतो!

आधी लाकडाचे बघू. आपला मे महिना भट्टीसारखा कोरडा आणि जुलै ओलाचिंब. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून श्रावणात दार अडकले की लगेच रंधा काढू नका. उन्हाळ्यात तिथेच फट पडेल. अडते तिथे खडूने खूण करा. दिवाळीनंतरही घासत असेल तरच रंधा मारा आणि दाराच्या वरच्या-खालच्या काठालाही रंग द्या. पाणी तिथूनच जास्त शिरते, आणि रंग द्यायचा नेमका तोच काठ आपण विसरतो.

शेडचा खांब मातीत पुरू नये. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर चढते. काँक्रीटच्या ओट्यावर लोखंडी पट्ट्यांत खांब बसवला, तर ती नळी डोळ्यांना दिसते आणि वेळीच मोडता येते. खांबाला इथला सरई, म्हणजे साल, दणकट. दार-खिडकीला सागवान उत्तम.

छताला उतार हवा. सहा फूट रुंदीला किमान एक फूट धरावा. हुकाचे भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे, पन्हळीत नाही. पावसाळी वारा बहुधा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे लावायला पूर्वेकडून सुरुवात करावी. मग जोडात पाणी घुसत नाही. आणि बांधकामाआधी परवानगी लागते का, तेही विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. जुन्या शेडवरचा करडा सिमेंटचा पत्रा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. तो अखंड आणि जागच्या जागी असेल तर धोका कमी. पण ग्राइंडरने कापला, ड्रिलने भोक पाडले, तारेच्या ब्रशने शेवाळ घासले, की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात. सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार दिसायला कित्येक वर्षे, कधी कधी 30-40 वर्षेही लागतात. युरोपीय संघाने 2005 मध्ये त्याच्या वापरावर बंदी आणली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. कारखान्यात नोंद ठेवतील. पण अंगणात खेळणाऱ्या नातवंडांची नोंद कोण ठेवणार?

म्हणून हा पत्रा कापू नका, कोरडा झाडू नका. बदलायचाच असेल तर मुलांना दूर पाठवा, पत्रा पाण्याने भिजवा, हुक सोडून तो अख्खा खाली उतरवा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. तुकडे रस्त्याकडेला टाकू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. त्यासाठी योग्य मास्कच हवा. मिस्त्री बोलावला तर त्यालाही द्या. फुप्फुसे त्यालाही आहेत. आणि जुन्या पत्र्यावर पाय कधीच देऊ नका, तो न सांगता फुटतो. नवीन छत रंगीत स्टीलच्या पत्र्याचे करावे. आपण पोलादाच्या गावचे आहोत!

माझी एक सूचना आहे. हत्यारांच्या पेटीवर घरचे परमिट चिकटवा. त्यावर चारच प्रश्न लिहा: मेन स्विच बंद केला का? शिडी कोणी धरली आहे का? चष्मा-मास्क घातला का? मुले लांब आहेत का? चारही उत्तरे 'हो' आली की मगच हातोडी उचला. मंडपाचे बांबू बांधणाऱ्या आपल्या तरुणांनीही हीच सवय लावून घ्यावी.

हौस मोठी आहे, ती जपू या. आणि हौस करणारा हातही जपू या.